मापाची बंदूक

२०२२ च्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला पंधरा-वीस माणसं होती. मी स्लीव्हलेस ब्लाउज घातला होता आणि उजव्या दंडावर, खांद्याला लागून, मुठीएवढा काळानिळा डाग होता. चिवडा वाढता वाढता लक्षात आलं की बायका आधी माझ्या दंडाकडे बघतायत आणि मग हळूच माझ्या नवऱ्याकडे. शेवटी एकीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "सगळं ठीक आहे ना गं तुमच्यात?" मला हसू आवरेना. "अगं, बंदुकीचा दणका आहे," मी म्हटलं. त्यावर तिचा चेहरा आणखीच उतरला.

तर ही त्या डागाची गोष्ट. म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी पहिली बंदूक घेताना मी काय काय घोळ घातले, त्याची.

मी मूळची नाशिकची. लहानपणी थंडीतल्या रविवारी बाबा आम्हाला स्कूटरवरून नांदूर मध्यमेश्वरला न्यायचे. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळचा तो बंधारा, चापडगावचा मनोरा, आणि बाबांची वही. थापट्या किती, तलवार बदकं किती, चक्रांग किती, सगळं तारखेनिशी. भारतात १९७२ च्या कायद्याने हे पक्षी मारणं बंद, आणि आमच्या घरात तर बंदूक हा शब्दसुद्धा फक्त कोकणातल्या मावशीकडून यायचा, रानडुकरांवर रोखलेल्या ठासणीच्या बंदुकीच्या संदर्भात.

लग्नानंतर मी कॅलिफोर्नियात डेव्हिसला आले. इथून उत्तरेला गाडी काढली की सॅक्रामेंटो खोऱ्यातली भातशेती लागते. पूर्वी कापणीनंतर इथे भाताचा पेंढा जाळत. धुराने खोरं गुदमरायला लागलं, तेव्हा १९९१ च्या कायद्याने जाळणं टप्प्याटप्प्याने कमी केलं. मग पेंढा कुजवण्यासाठी शेतकरी हिवाळ्यात खाचरांत पाणी भरून ठेवू लागले आणि अलास्का-कॅनडाकडून येणाऱ्या बदकांना आयती पंगत मिळाली. आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ असेच जन्मभर भात पिकवून निवृत्त झालेले. वय त्र्याऐंशी. मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणते. एका डिसेंबरात त्यांनी कुंपणावरून दोन सोललेली बदकं दिली, मी त्यांचं सुकं केलं आणि अर्धं त्यांच्याकडे परत पाठवलं. पुढच्या वर्षी चार आली. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "माझे गुडघे आता चिखलात चालत नाहीत. तुला खायचीच असतील तर शिक."

मी कोंबडी खाते, मटण खाते, कुणीतरी दुसऱ्याने मारलेलं. त्यामुळे "कसं गं मारवतं?" या प्रश्नाला माझ्याकडे फार मोठं उत्तर नाही. पण बाबांना सांगायला मला चार महिने लागले, हेही खरं.

कागदपत्रांचा भाग भराभर सांगते. शिकारीच्या लायसन्ससाठी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. मी तो ऑनलाइन केला आणि वर चार तासांचा प्रत्यक्ष वर्ग. वर्गात माझ्याशिवाय सगळी बारा-तेरा वर्षांची मुलं आणि त्यांचे वडील. बंदूक घेण्यासाठी राज्याची वेगळी तीस प्रश्नांची परीक्षा असते, ती पंचवीस डॉलर भरून दिली. पास झाल्यावर कळलं की ज्याच्याकडे शिकारीचं लायसन्स आहे त्याला लांब नळीच्या बंदुकीसाठी ही परीक्षा लागतच नाही. गेले पंचवीस डॉलर. आणखी पंचवीस पोस्टात गेले, पण ते आनंदाने. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दर वर्षी केंद्र सरकारचं बदकाचं तिकीट घ्यावं लागतं आणि कागदी तिकिटावर शाईने आडवी सही करावी लागते. १९३४ साली ते एक डॉलरला होतं. त्याचे जवळजवळ सगळे पैसे पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातात. शिकार न करणारे पक्षिमित्रही ते मुद्दाम घेतात. मी एक जास्तीचं घेऊन बाबांना पाठवलं. ते त्यांच्या वहीत चिकटवलेलं आहे.

सप्टेंबरात मी बंदुकीच्या दुकानात गेले. माझी उंची पाच फूट दोन इंच. काउंटरवरचा मुलगा भला होता, पण त्याने मला बघितलं आणि दोनच गोष्टी त्याच्या डोक्यात आल्या. पहिली, लहान मुलांसाठीची वीस बोअरची गुलाबी दस्त्याची बंदूक. (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक.) मी नुसतं बघितलं, त्याने ती परत ठेवली. मग तो दुसऱ्या टोकाला गेला: बारा बोअर, सेमी-ऑटोमॅटिक, साडेतीन इंची काडतुसं घेणारी, नखशिखान्त गवताचा छाप. "यात पावणेतीन इंचीही चालतात, तीन इंचीही आणि साडेतीनही. म्हणजे उद्या हंसावर गेलात तरी दुसरी घ्यायला नको." आपल्याला असा युक्तिवाद फार पटतो. मिक्सर घेताना आपण हाच करतो, ज्यूसरचं भांडं आयुष्यात वापरत नाही. मी सोळाशे डॉलर मोजले. कॅलिफोर्नियात पैसे भरल्यापासून दहा दिवस बंदूक दुकानातच राहते. ते दहा दिवस मी इंटरनेटवर त्याच बंदुकीची स्तुती वाचण्यात घालवले.

बंदूक हातात आल्यावर गावाबाहेरच्या रेंजवर गेले आणि त्या मुलानेच दिलेली साडेतीन इंची काडतुसं भरून कागदावर दहा बार काढले. पहिल्या बाराला दात वाजले. चौथ्यापासून मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होते. दहाव्यानंतर बंदूक पेटीत ठेवली आणि गाडीत बसून पाणी प्यायले. डाग दोन दिवसांनी पूर्ण उमलला, बरोबर फराळाच्या वेळेला.

त्याच शनिवारी हंगाम उघडला होता. मी एका ओळखीच्या गटाबरोबर गेले होते, आणि तिथे दुसरा धडा मिळाला. ती बंदूक इनर्शियावर चालणारी होती. तिच्या बोल्टमध्ये, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या खिट्टीत, एक जाड स्प्रिंग असते, बार झाला की सगळी बंदूक मागे सरकते, स्प्रिंग दबते आणि सुटताना बोल्टला मागे ढकलते. सुटे भाग कमी, नळीतला धूर यंत्रात शिरत नाही, चिखलपाण्यात बिनतक्रार चालते. शिकारी उगाच तिच्यावर प्रेम करत नाहीत. पण हिचा बोल्ट सोडताना ठण्णकन सोडावा लागतो. पहाटेच्या शांततेत आवाज नको म्हणून मी तो हाताने धरून अलगद पुढे नेला. दिसायला बंद झाला, पण शेवटचा केसभर फिरून कुलूप बसलंच नाही. समोर दोन बदकं पंख उलटे मारत, पाय सोडून उतरत होती. मी चाप ओढला. "टिक्." एवढाच आवाज. त्यांनी तो ऐकला, मीही ऐकला, आणि ती वर उठून गेली. शेजारचा माणूस न बघताच म्हणाला, "बोल्ट हळू लावलास ना?" म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. दुकानात कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

मी काकांकडे रडगाणं घेऊन गेले. मला वाटलं, कुठली कंपनी चांगली ते सांगतील. त्यांनी विचारलं, "डाग कुठे पडलाय?" मी बाही वर करून दाखवला. "हा तर दंडावर आहे. बंदूक खांद्याच्या खळग्यात बसायला हवी, गळ्याच्या हाडाखाली. ती तिथे बसत नाही म्हणून घसरून दंडावर जाते. का बसत नाही? लांब आहे म्हणून. तू नवऱ्याचा शर्ट घालून फिरतेयस."

मग गॅरेजमध्ये उभं करून त्यांनी मला जे दाखवलं, त्यासाठी मी आनंदाने फी भरली असती. आधी बंदूक उघडून रिकामी असल्याचं त्यांनी बघितलं, मग मला बोट घालून बघायला लावलं. मग म्हणाले, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ, डोळे मीट, मिटल्या डोळ्यांनीच बंदूक खांद्याला लाव, गाल दस्त्यावर टेकव आणि आता उघड. काय दिसतंय? मला बंदुकीचं मधलं धूड दिसत होतं आणि नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी त्याच्या आड गेला होता. मान पुढे ताणून गाल सरकवला की मणी दिसायचा. "उडत्या बदकाला तू सांगणार का, थांब, मी मान ताणते?" छऱ्याच्या बंदुकीला मागे माशी, म्हणजे नेम धरायची दुसरी खूण, नसते. तुमचा डोळाच मागची माशी. डोळा रोज वेगळ्या जागी आला तर बार रोज वेगळ्या जागी जाणार. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर बहुतेक तयार बंदुकांत सव्वाचौदा-साडेचौदा इंच असतं, कारण त्या पाच फूट दहाच्या पुरुषासाठी बनतात. काकांनी टेप लावून माझं माप काढलं. तेरा. आणि वर म्हणाले, "हे टी-शर्टावरचं. कोट आणि वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची बूटवाली विजार, घातलीस की अजून अर्धा इंच कमी धर."

नाशिकला आमच्या गल्लीतला शिंपी ब्लाउजचं माप घेताना दोनदा खांदा मोजायचा. पहिला आकडा तो लिहायचाच नाही, कारण माप घेताना बाई श्वास रोखते म्हणायचा. मला गॅरेजमध्ये त्याचीच आठवण आली.

दुसरी तपासणी डोळ्यांची. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक करायचं, त्यातून घड्याळ बघायचं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. भोक ज्या डोळ्यावर येतं तो तुमचा मुख्य डोळा. माझं डाव्यावर आलं. मी उजव्या हाताची. म्हणजे बंदूक उजव्या डोळ्याखाली आणि नेम धरतोय डावा. बार चार-पाच फूट डावीकडे जाणार यात नवल काय? डाव्या खांद्यावरून शिकायचा एक पर्याय होता, डावा डोळा मिटायचा दुसरा, पण एक डोळा मिटला की अंतराचा अंदाज जातो. काकांनी ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली, नखाएवढा तुकडा कापला आणि माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर अशा जागी लावला की गाल दस्त्याला टेकला की मणी फक्त त्या डोळ्यापुरता धूसर व्हावा. बाकी सगळं दोन्ही डोळ्यांना दिसतंच. सोळाशे डॉलरच्या बंदुकीने जे झालं नाही ते त्या तुकड्याने केलं. त्याआधी मातीच्या तबकड्यांवर पंचवीसपैकी सात फुटायच्या, चार रविवारांत सोळापर्यंत गेले. अर्थात, त्यात उसनी घेतलेली रेंजवरची आखूड बंदूक आणि हलकी पावणेतीन इंची काडतुसं यांचाही वाटा होता.

आधीची बंदूक दुकानाला चारशे डॉलर नुकसानीत परत विकली. आणि दुसऱ्यांदा दुकानात गेले ती वेडर, जाकीट, टोपी सगळं चढवून. रबराचे बूट फरशीवर कचकच वाजत होते. लोक बघत होते. पण मापाची बंदूक घ्यायची तर मापाच्या कपड्यांत जायला हवं.

बारा की वीस बोअर यावर मी बरीच डोकेफोड केली. वीसची हलकी, आखूड, वळवायला सोपी. पण काडतुसात छर्रे कमी मावतात, आणि बदकांच्या शिकारीत छर्रे शिशाचे चालत नाहीत. हे मुळातून समजून घेण्यासारखं आहे. बदकांना दात नसतात. तळातले बारीक खडे गिळून ती पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत दाणे दळतात. वर्षानुवर्षांच्या शिकारीत तळ्याच्या तळाशी शिशाचे छर्रे साचले, बदकं ते खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. म्हणून १९९१-९२ च्या हंगामापासून पाणपक्ष्यांसाठी अमेरिकाभर शिसं बंद झालं. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून कुठल्याच शिकारीत ठेवलं नाही. आता मुख्यतः पोलादाचे छर्रे. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. तेवढ्याच आकाराचा छर्रा हलका, म्हणून लवकर दमतो. उपाय म्हणजे दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा आणि वेग वाढवायचा. नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा, हे लक्षात ठेवायला मला वेळ लागला. मोठे छर्रे घेतले की काडतुसात कमी बसतात, आणि वीस बोअरमध्ये आधीच जागा थोडी. माझ्यासारख्या नवशिक्या हाताला चार छर्रे जास्त असलेले बरे, म्हणून बारा बोअरच ठरवली. पण तीन इंचीच. साडेतीनचा मोह एकदा पुरे.

आणि या वेळी गॅसवर चालणारी. हिच्या नळीला भोकं असतात, बाराचा थोडा वायू तिकडे वळतो आणि यंत्र चालवतो. धक्का एकदम न येता लांबतो, फटक्याऐवजी ढकलल्यासारखा लागतो. वजनही अर्ध्या पौंडाने जास्त, तेही दणका पिण्यात मदत करतं. तोटा म्हणजे काजळी धरते. दर दोन-तीन खेपांनंतर उघडून पुसावी लागते, नाहीतर रुसते. मला पितळी समया घासायची सवय आहे, मला त्याचं काही वाटत नाही. दस्ता तेरा इंची, सव्वीस इंची नळी, आणि दस्त्याच्या सांध्यात घालायच्या पातळ चकत्यांचा संच सोबत. एक चकती बदलली की दस्ता जरा वर-खाली, डावी-उजवीकडे होतो. दुकानातल्या मुलाने ती बदलायला स्क्रूड्रायव्हर आणला तेव्हा मी भिंतीवरच्या हरणाच्या डोळ्याकडे बघितलं, डोळे मिटले, बंदूक लावली, उघडले. मणी समोर, नळीवरच्या पट्टीच्या बरोबर मध्ये. मान कुठेही ताणलेली नव्हती. साडेअकराशे डॉलर, आणि परत दहा दिवस.

पंप बंदूक का नाही, असं कुणी विचारेल. स्वस्तात मस्त, पाचशेच्या आत येते, कधी बिघडत नाही. माझा हात आखूड म्हणून पुढचा दांडा पूर्ण मागे ओढताना बंदूक खांद्यावरून निघायची. लांब हातांच्या माणसाने बेलाशक पंप घ्यावी आणि उरलेल्या पैशांची काडतुसं.

काकांकडे त्यांच्या वडिलांची जुनी दुनळी आहे. कातडी पट्टा, घासून गुळगुळीत झालेला अक्रोडाचा दस्ता. तिच्यात पोलाद घालायचं नाही. जुन्या नळ्या मऊ, चोक (नळीचं निमुळतं टोक) आवळलेले, पोलाद दबत नाही, नळी फुगते. ते तिच्यात बिस्मथची काडतुसं घालतात, घनता ९.६, किंमत पोलादाच्या दुप्पट-तिप्पट. आजोबांची बंदूक सापडली म्हणून कुणी तशीच तळ्यावर नेऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

नवी बंदूक आली की तिचा कागद काढायचा असतो, म्हणजे तिचे छर्रे कसे पसरतात ते कागदावर बघायचं असतं. हे काम कुणी करत नाही, आणि हेच सगळ्यात जास्त शिकवतं. नळीच्या टोकात स्क्रूने बसणारे चोक बदलता येतात, सोऱ्याच्या चकत्यांसारखे: एक जरा रुंद, एक मध्यम, एक आवळ. कुठल्या काडतुसाला कुठला जमतो ते कागदावर मारल्याशिवाय कळत नाही. तीस यार्डावर चार फुटी तपकिरी कागद लावला, एकेक बार काढला आणि घरी आणून दाट भागाभोवती सुतळी आणि पेनने तीस इंची वर्तुळ काढलं. सव्वा औंसाच्या काडतुसात तीन नंबरचे पोलादी छर्रे साधारण १९७. रुंद चोकने वर्तुळात १२८ भोकं, मध्यमने १५१. आवळ चोक मी लावलाच नाही, कारण पोलाद मुळातच दाट पडतं. मध्यम चोकच त्याला आवळ होतो. स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून आम्ही दोघं पेनने भोकं खुणावत होतो. नवरा शाकाहारी. तो म्हणाला, "तांदळातले खडे निवडतोय असं वाटतंय." त्याने मोजलेला कागद माझ्यापेक्षा बरोबर निघाला. मध्यम चोक, तीन नंबर, तीस यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही, हे त्या फरशीवर ठरलं.

काडतुसांचं गणितही सांगून टाकते. सरकारी अभयारण्यांतल्या शिकारीच्या भागात आम्ही जातो तिथे दिवसाला पंचवीसच काडतुसं नेता येतात. बंदुकीत एका वेळी तीनच, हा नियम १९३५ पासूनचा. त्यासाठी नळीखालच्या खणात लाकडाची काडी घालून जागा कमी केलेली असते. वॉर्डन हात घालून तपासतो. मला ही मर्यादा आवडते. पंचवीसच आहेत म्हटल्यावर माणूस आभाळात बार उडवत बसत नाही.

बंदुकीबद्दल सगळे तासन् तास बोलतात. वेडरबद्दल कुणी बोलत नाही, आणि दिवस खरा तिथेच घडतो किंवा बिघडतो. छातीपर्यंत येणारी बूट जोडलेली ती जलाभेद्य विजार. मी आधी पुरुषांची सगळ्यात लहान घेतली. छातीचा भाग हनुवटीला, गुडघ्याची जाड पट्टी नडगीवर, आणि बूट एक नंबर सैल. कापसाच्या जमिनीसारखा इथला चिखल चिकट आहे. पाय उचलला तर पाय बाहेर आला, बूट आतच. मी एका पायावर, काळोखात, पाठीवर खऱ्या बदकांना भुलवायची डझनभर प्लास्टिकची बदकं. बसलेच शेवटी. कमरेला पट्टा आवळलेला होता म्हणून पाणी पोटापर्यंतच शिरलं. तो पट्टा शोभेचा नाही, पडल्यावर विजारीत पाणी भरून माणूस जड होऊ नये म्हणून आहे. सैल ठेवणाऱ्यांना मी आता हटकते.

आणि पहाटे चारला चहा पिऊन निघालेल्या बाईने सकाळी आठला काय करायचं, यावर एकाही पुरुषाने एकही ओळ लिहिलेली मला सापडली नाही. पुरुषांच्या वेडरला पुढे छोटी चेन असते, आमचं त्याने भागत नाही. सगळं उतरवायचं म्हणजे जाकीट, पट्टा, खांद्याचे बंद, तेही चार अंश तापमानात, आडोसा म्हणून पाणकणसाचं बेट. शेवटी बायकांच्या मापाची, कमरेभोवती पाठीमागे उघडणाऱ्या चेनची जोडी मिळाली. बंदुकीपेक्षा तिच्यासाठी जास्त शोधाशोध केली. हवा खेळती राहणारं कापड घेतलं. जाड निओप्रीन उबदार असतं, पण पार्किंगपासून पाऊण मैल चालून गेलं की आत घामाची आंघोळ होते आणि मग तोच घाम थंड पडतो.

बाकीचं सटरफटर. हलकी ढकलगाडी हवीच. कपाळावरचा दिवा, जादा सेलसकट. कानातले बोळे, बोलणं ऐकू येऊ देणारे आणि बार दाबणारे. इथे काटकसर केली तर पुढे श्रवणयंत्राच्या दुकानात खर्च होतो, काकांशी मोठ्याने बोलावं लागतं. प्लास्टिकची बदकं बारा पुरली, छत्तीस नेणारे लोक अंधारात सुतळ्या सोडवत बसतात. गवताच्या रंगाच्या महाग कपड्यांपेक्षा चेहरा झाकलेला महत्त्वाचा. वरून बघणाऱ्या बदकाला आपला वर केलेला गोरा-सावळा चेहराच आधी दिसतो. बदकासारखा क्वॅक काढणारा भोंगा मी फुंकला तर आमच्या मांजराने घर सोडलं. त्याऐवजी तलवार बदकाची शिट्टी घेतली. फुंकली की वाजते, तुटक फुंकली की चक्रांगाचा आवाज येतो. नवशिक्याने हीच घ्यावी.

डिसेंबरच्या मध्याला एका बुधवारी सोडतीत नंबर लागला. शनिवार, रविवार, बुधवार एवढेच शिकारीचे वार. डेलेव्हनच्या अभयारण्यात पाच वाजता पोचले तर टुली धुकं, म्हणजे या खोऱ्यातलं हिवाळ्यातलं दाट धुकं, हेडलाइटपुढे दोन खांबही दिसेनात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो, पण दिसायला तर हवं. साडेसातपर्यंत नुसते आवाज. डोक्यावरून पंखांची सळसळ, कुठेतरी हंसांचा गलका, एक तलवार बदक अगदी माझ्या शिट्टीसारखंच शिट्टी घालत गेलं. मी बोटं काखेत घालून बसले होते.

धुकं फाटलं तशी पहिली आली ती थापट्यांची टोळी. ती फावड्यासारखी चोच, शंभर यार्डांवरूनही ओळखू येते. इथले शिकारी त्यांना हसतात, चव नाही म्हणतात. मी बंदूक उचललीही नाही. त्यांची चव मला ठाऊक नाही. बाबांच्या वहीतला तो पहिला पक्षी, एवढंच कारण. त्यांच्यामागून दोन लहान, वेगवान, मधमाश्यांसारखी वळणं घेत आली. मी उभी राहिले. बंदूक कधी खांद्याला आली ते कळलं नाही. मान नाही ताणली, मणी नाही शोधला. पुढच्याच्या पुढे गेले आणि ओढला. ते पाण्यावर पडलं आणि हललं नाही. माझ्याकडे कुत्रा नाही, म्हणून पडलं की लगेच आणायला जायचं, नजर काढायची नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम. चालत गेले. ओंजळीत मावेल एवढं होतं, कोमट. खांद्यात काही दुखत नव्हतं. मी बराच वेळ तिथेच पाण्यात उभी होते.

त्या दिवशी सात बदकांची परवानगी होती. नऊ काडतुसांत दोन मिळाली.

घरी आल्यावर पिसं काढायच्या आधी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते, आई मागे चहा गाळत होती. मी काही न बोलता पक्षी कॅमेऱ्यापुढे धरला. तांबडं डोकं, डोळ्यावरून मागे गेलेला हिरवा पट्टा. बाबांनी चष्मा कपाळावर सारला आणि फोन नाकाजवळ नेला.

"चक्रांग," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पंख दुमडलेले धर. बाजूची पांढरी रेघ कशी आहे? उभी की आडवी?"

युरोप-आशियातल्या चक्रांगाच्या पंखालगत आडवी रेघ असते. अमेरिकेतल्याच्या छातीच्या बाजूला उभी. मी पक्षी फिरवला.

"उभी."

"मग हा आपल्याकडे येणारा नव्हे," बाबा म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला.